सिट्का येथील स्थानिक इतिहास संग्रहालय : ट्लिंगिट व रशियन वसाहतकालीन वारशाची मांडणी

प्रस्तावना

वसाहतवादाचा विचार करताना आपल्याकडील अभ्यासकांसमोर प्रामुख्याने ब्रिटिश, पोर्तुगीज व फ्रेंच सत्तांचे चित्र उभे राहते. रशिया ही भूमार्गाने विस्तारलेली सत्ता म्हणून परिचित आहे; परंतु समुद्र ओलांडून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर तिने सुमारे सव्वाशे वर्षे व्यापार व सत्ता चालविली, ही बाब इतिहासाच्या वर्गात बहुधा एका वाक्यात उरकली जाते. ते वाक्यही ठरलेले आहे : १८६७ मध्ये रशियाने अलास्का ७२ लाख डॉलर्सना अमेरिकेस विकला. विक्रेता कोण व खरेदीदार कोण हे त्यातून कळते. विकलेली भूमी मुळात कोणाची होती, हा प्रश्न त्यात उपस्थितच होत नाही.

हा प्रश्न ज्या गावात रोजच्या व्यवहाराचा भाग आहे, ते गाव म्हणजे आग्नेय अलास्कातील सिट्का होय. २०२० च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ८,४५८ आहे. एवढ्याशा वस्तीत स्थानिक इतिहास सांगणाऱ्या किमान चार वास्तू आहेत : सिट्का ऐतिहासिक सोसायटीचे सिट्का इतिहास संग्रहालय, राज्य शासनाचे शेल्डन जॅक्सन संग्रहालय, संघराज्याच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचे सिट्का राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान, आणि त्याच उद्यानाच्या अखत्यारीतील रशियन बिशपचे निवासस्थान. या चौघांत सोसायटीचे संग्रहालय सर्वांत लहान व खऱ्या अर्थाने गावकऱ्यांचे. प्रस्तुत लेखात त्याला केंद्रस्थानी ठेवून, ट्लिंगिट व रशियन असे ज्यांना दोन स्वतंत्र वारसे म्हटले जाते त्यांची मांडणी संग्रहालयात कशी होते आणि ती करताना कोणत्या अडचणी उद्भवतात, याचे विवेचन केले आहे. हे दोन वारसे शेजारशेजारच्या दोन काचपेट्यांत ठेवता येण्याजोगे नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची कारणे पुढे येतील.

गाव, भूमी आणि नावे

'ट्लिंगिट' असे लिहिले जात असले तरी रूढ उच्चार 'क्लिंकिट' असा आहे. हा समाज मातृवंशीय आहे. मूल आईच्या कुळाचे मानले जाते. सर्व कुळे दोन अर्धसमाजांत विभागलेली असून एकाचे चिन्ह डोमकावळा व दुसऱ्याचे गरुड हे होय. विवाह नेहमी विरुद्ध अर्धसमाजात होतो. सिट्काच्या परिसरावर हक्क सांगणारे प्रमुख कुळ म्हणजे डोमकावळ्याच्या अर्धसमाजातील किक्सादी. बेडूक हे त्यांचे कुलचिन्ह आहे. 'सिट्का' हे नाव याच भाषेतून आलेले असून 'शी' या बेटाच्या बाहेरील, म्हणजे खुल्या समुद्राकडील बाजूचे ठिकाण असा त्याचा अर्थ होतो. रशियनांनी या गावास 'नोवो-आर्खांगेल्स्क' हे नाव दिले, आणि बेटास आपल्या कंपनीच्या व्यवस्थापकाचे, बारानोवचे, नाव लाभले. गावाचे रशियन नाव आज केवळ पुस्तकांत उरले आहे. बेटाचे मात्र नकाशांत रूढ झाले.

रशियनांना या किनाऱ्याकडे खेचणारी वस्तू एकच होती : समुद्री पाणमांजराची फर. या प्राण्याच्या कातडीवर दर चौरस सेंटीमीटरला लाखाहून अधिक केस असतात. चीनच्या बाजारपेठेत तिला मिळणारा भाव कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीनंतर युरोपभर ठाऊक झाला. या व्यापाराचा एक धागा मुंबईपर्यंत येतो, आणि मराठी वाचकांनी तो ध्यानात घेण्यासारखा आहे. १७८५ च्या डिसेंबरात जेम्स स्ट्रेंज यांच्या नेतृत्वाखाली 'कॅप्टन कुक' व 'एक्सपेरिमेंट' ही दोन जहाजे मुंबईहून निघाली. डेव्हिड स्कॉट या मुंबईस्थित व्यापाऱ्याचा त्यांस पाठिंबा होता. १७८६ मध्ये ती व्हँकुव्हर बेटावरील नूटका येथे व तेथून पुढे अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंडपर्यंत पोहोचली. फायद्याच्या दृष्टीने सफर फसली. तथापि, आपल्या किनाऱ्यावरून निघालेली जहाजे ज्या फरसाठी तिकडे गेली, तिच्याच पायी ट्लिंगिट भूमीत पुढे रक्तपात घडला. पाणमांजरांची गत त्याहून वाईट झाली. आग्नेय अलास्कातून हा प्राणी पूर्णतः नाहीसा झाला आणि १९६५ ते १९६९ या काळात सुमारे ४०० प्राणी इतर ठिकाणांहून आणून तेथे पुन्हा सोडावे लागले.

१८०२ व १८०४ : दोन वृत्तांत

१७९९ मध्ये रशियन-अमेरिकन कंपनीस सम्राटाची सनद मिळाली आणि त्याच वर्षी अलेक्झांडर बारानोवने आजच्या गावाच्या उत्तरेस सुमारे ११ किलोमीटरवर संत मायकेलच्या नावे एक तटबंद ठाणे उभारले. कंपनीचे शिकारी बहुतांशी रशियन नव्हते. अल्युशियन बेटांवरील उनांगन (रशियन त्यांना 'अल्युट' म्हणत) व कोडियाक परिसरातील अलुतीक या समाजांतील पुरुषांना कंपनीने सक्तीने कामास लावले होते आणि त्यांच्या कातडी होड्यांचे तांडे शेकडो मैल दूर नेले जात. परक्या भूमीतील पाणमांजरे अशा रीतीने घाऊक मारली जाऊ लागली, शिवाय स्थानिकांशी वर्तनही उद्दामपणाचे होते. १८०२ च्या जूनमध्ये किक्सादींनी अन्य कुळांच्या साहाय्याने ठाण्यावर हल्ला करून ते जाळले. सुमारे २० रशियन व १३० च्या आसपास अल्युट मारले गेले. वाचलेल्यांपैकी काहींना बार्बर या ब्रिटिश कप्तानाने कोडियाकला पोहोचविले व त्यांच्या सुटकेबद्दल बारानोवकडून रक्कम उकळली. फरच्या व्यापारातील नीतिमत्ता कोणत्या पातळीवरची होती, हे या एका प्रसंगावरून कळते.

१८०४ च्या सप्टेंबरअखेरीस बारानोव परतला. त्याच्यासोबत शेकडो अल्युट शिकारी होते आणि लिस्यान्स्की या नौदल अधिकाऱ्याच्या हाताखालील 'नेवा' हे तोफांनी सज्ज जहाजही येऊन मिळाले होते. किक्सादींनी इंडियन नदीच्या मुखाजवळ 'शिस्गी नूव', म्हणजे कोवळ्या झाडांचा किल्ला, नव्याने बांधला होता. कोवळे ओंडके तिरकस रोवून केलेली ही तटबंदी तोफगोळ्यांचा आघात बऱ्याच अंशी पचवीत असे. पहिला रशियन हल्ला परतवला गेला. डोमकावळ्याच्या आकाराचे शिरस्त्राण घातलेला आणि हाती लोहाराचा हातोडा घेतलेला कात्लियान हा योद्धा त्या चकमकीत अग्रभागी होता, आणि बारानोव स्वतः हाताला गोळी लागून जखमी झाला. परंतु किल्ल्याकडे दारू घेऊन येणाऱ्या होडीचा वाटेत स्फोट झाला व तीतील तरुण नेते मृत्युमुखी पडले. दारूगोळा संपत आल्यावर कुळाने रात्रीच्या वेळी किल्ला सोडला.

येथपर्यंतच्या घटनांबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो पुढच्या वाक्याबद्दल. रशियन कागदपत्रांत 'शत्रू पळून गेला व सिट्का ताब्यात आले' असा शेवट होतो. किक्सादींच्या मौखिक परंपरेत मात्र येथे कथेचा उत्तरार्ध सुरू होतो. वृद्ध, स्त्रिया व मुले यांसह संपूर्ण कुळ डोंगर व अरण्य ओलांडून बेटाच्या उत्तर टोकाकडे गेले, तेथून शेजारच्या चिचागोफ बेटावर नवा किल्ला उभारला आणि रशियनांकडे जाणाऱ्या व्यापारी होड्यांची वाट अडविली. या स्थलांतरास ते 'जीवितरक्षणाची वाटचाल' म्हणतात. पराभव झाला असे ते मानत नाहीत. लढाई सोडली पण भूमी सोडली नाही, अशी त्यांची भूमिका आहे. १८२० च्या दशकाच्या आरंभी रशियनांनीच त्यांना परत बोलाविले, कारण शेजारी मित्र नसतील तर अन्नपुरवठ्याचीही शाश्वती नव्हती. संपूर्ण अलास्कात रशियनांची संख्या कोणत्याही काळी ८०० च्या फार पुढे गेली नाही, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते.

संग्रहालयाच्या दृष्टीने अडचण अशी की एका वृत्तांताला कागद आहे, रेखाचित्र आहे व नकाशाही आहे; दुसऱ्याला सांगणाऱ्याचा आवाज आहे. काचपेटी कागदाला सोयीची असते. लिस्यान्स्कीने किल्ल्याचा आराखडा काढून ठेवला होता म्हणून किल्ल्याचा आकार जगाला ठाऊक झाला. वाटचालीचा आराखडा कोणी काढला नव्हता. ही उणीव भरून काढण्याचे मोठे काम नोरा मार्क्स डाउएनहाउअर या ट्लिंगिट विदुषीने, रिचर्ड डाउएनहाउअर व रशियन कागदपत्रांच्या अभ्यासक लिडिया ब्लॅक यांच्या सहकार्याने, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले. १८०२ व १८०४ च्या लढायांविषयी ट्लिंगिट वृद्धांनी ध्वनिमुद्रित करविलेली कथने मूळ भाषेत व भाषांतरासह, आणि रशियन दस्तऐवज भाषांतररूपाने, असे दोन्ही त्यात एकत्र वाचावयास मिळतात. इतिहासलेखनपद्धतीच्या अध्यापनासाठी याहून चांगले उदाहरण सहसा आढळणार नाही. मौखिक साधनांस 'दंतकथा' म्हणून बाजूस सारणाऱ्यांनी तर ते अवश्य पाहावे. पुढे २०२१ मध्ये भूभौतिकीय सर्वेक्षणाद्वारे जमिनीखाली किल्ल्याच्या परिघाच्या खुणा सापडल्याचे संशोधन प्रसिद्ध झाले. जागा तीच निघाली, जी कुळाच्या स्मृतीत होती.

१८६७ च्या गावाची प्रतिकृती

सिट्का ऐतिहासिक सोसायटीची स्थापना १९५७ ची. तिचे संग्रहालय ज्या हॅरिगन शताब्दी सभागृहात आहे, ते १९६७ मध्ये बांधले गेले. ही शताब्दी हस्तांतरणाची होती. म्हणजे ज्या घटनेचे मूल्यमापन संग्रहालयाने करावयाचे, तिच्याच गौरवार्थ उभारलेल्या इमारतीत ते नांदते. यात कोणाचा दोष नाही. स्थानिक संग्रहालयांना जागा मिळेल तेथे संसार थाटावा लागतो, हे आपण जाणतोच.

या संग्रहातील एक परिचित वस्तू म्हणजे १८६७ च्या सिट्काची लघुप्रतिकृती. प्रतिकृतीचा लाभ असा की पाहणाऱ्यास माहितीफलक वाचण्यापूर्वीच गावाची रचना उमगते. टेकडीवर मुख्य व्यवस्थापकाचे निवासस्थान. खाली कंपनीची गोदामे व गोदी. मध्ये १८४८ मध्ये पूर्ण झालेले संत मायकेलचे लाकडी कॅथेड्रल. आणि गावाच्या एका अंगास ओंडक्यांची उंच तटबंदी. तटबंदीपलीकडे ट्लिंगिट वस्ती. बुरुजांवरील तोफांची तोंडे समुद्राकडे नव्हे, तर या वस्तीकडे रोखलेली असत. ट्लिंगिटांना दिवसा व्यापारासाठी आत प्रवेश असे, रात्री नसे. १८५५ मध्ये या तटबंदीवर पुन्हा हल्ला झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे 'रशियन अलास्का' ही संज्ञा किती ताणलेली आहे हे कळून येते. कंपनीची सत्ता भिंतीच्या आत होती. बाहेर कुळांची होती.

टेकडीचाही इतिहास पाहावयास हवा. तिचे ट्लिंगिट नाव 'नूव त्लेन', म्हणजे मोठा किल्ला. रशियनांपूर्वी किक्सादींची कुलगृहे तेथे होती. १८ ऑक्टोबर १८६७ रोजी याच टेकडीवर रशियन ध्वज उतरवून अमेरिकन ध्वज चढविण्यात आला. रशियन ध्वज काठीला अडकून बसला आणि तो सोडविण्यासाठी माणूस वर चढवावा लागला, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्याहून गमतीची गोष्ट दिनदर्शिकेची. रशियनांची जुनी कालगणना आणि दिनांकरेषा ही दोन्ही एकाच वेळी बदलल्यामुळे सिट्कामध्ये शुक्रवार ६ ऑक्टोबरनंतर लागलीच शुक्रवार १८ ऑक्टोबर उजाडला. टेकडीवरील त्या समारंभात ट्लिंगिटांना स्थान नव्हते. आपली भूमी आपल्याला न विचारता विकली गेली, रशियनांकडे विकण्याजोगी फार तर तटबंदीच्या आतली जागा होती, अशी त्यांची तेव्हापासूनची भूमिका आहे.

ही भूमिका केवळ भावनेची नव्हती, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. ट्लिंगिट व हैडा या समाजांना दावा दाखल करण्याची अनुमती देणारा कायदा १९३५ मध्ये संमत झाला. १९५९ मध्ये न्यायालयाने त्यांचा मूळ भूहक्क मान्य केला. आणि १९६८ मध्ये सुमारे ७५ लाख डॉलर्सची भरपाई मंजूर झाली. संपूर्ण अलास्काच्या १८६७ च्या किमतीहून हा आकडा किंचित जास्त आहे. शंभर वर्षांत डॉलरचे मोल किती घटले याचा हिशेब केल्यास मात्र भरपाई किती तोकडी होती हे दिसते. दरवर्षी १८ ऑक्टोबर हा अलास्का दिन म्हणून साजरा होतो आणि टेकडीवर ध्वजांतराचे पुनर्नाट्य होते. २०१७ मध्ये हस्तांतरणास १५० वर्षे झाली, तेव्हा ट्लिंगिटांनी त्याच दिवशी आपला शोक जाहीरपणे व्यक्त केला.

याच संदर्भात एका लहानशा वस्तूचा उल्लेख केला पाहिजे. रशियन कंपनी आपल्या मालकीची खूण म्हणून 'ही भूमी रशियाच्या ताब्यातील' अशा अर्थाचा मजकूर कोरलेले क्रमांकित धातुपत्रे ठिकठिकाणी गुप्तपणे पुरत असे. त्यांपैकी १२ क्रमांकाचा पत्रा १९३० च्या दशकात जुन्या ठाण्याच्या उत्खननात हाती लागला. ज्यांची भूमी, त्यांना न कळू देता मातीत पुरून ठेवलेले मालकीपत्र! आपल्याकडील ताम्रपटाची परंपरा दान घेणाऱ्याच्या हाती पट सोपविण्याची आहे. येथे पट लपविण्यासाठीच घडविला होता. वसाहतवादी मालकीहक्काची संकल्पना समजावून देण्यास हा एवढा पत्रा पुरेसा आहे.

रशियन वारसा कोणाचा?

अमेरिकन अंमलात सिट्कामध्ये जे घडले, त्यामुळे 'रशियन वारसा' या शब्दाचाच अर्थ पालटला. प्रेस्बिटेरियन मिशनने १८७८ मध्ये येथे शाळा सुरू केली. मिशनरी व पुढे सरकारचे शिक्षण-अधिकारी झालेले शेल्डन जॅक्सन यांनी तेथे इंग्रजी व 'सुधारलेली' राहणी रुजविण्याचा आग्रह धरला. ट्लिंगिट बोलणे हा शाळेत अपराध ठरला. याच जॅक्सन यांनी अलास्काभर फिरून स्थानिक समाजांच्या वस्तू जमविल्या व त्यांसाठी १८९० च्या दशकात अष्टकोनी काँक्रीटची वास्तू उभारली. तेच आजचे शेल्डन जॅक्सन संग्रहालय होय. शाळा जे पुसून टाकीत होती, ते शेजारच्या इमारतीत जतन होत होते, आणि दोन्ही कामांमागे हात एकच होता. शाळेचे पुढे महाविद्यालय झाले. ते २००७ मध्ये बंद पडले. राज्य शासनाकडे गेलेले संग्रहालय मात्र टिकून आहे.

या दडपणाच्या काळात अनेक ट्लिंगिट कुटुंबे रशियन ऑर्थोडॉक्स चर्चकडे वळली. वरवर पाहता हे विचित्र वाटते, कारण रशियनांची सत्ता असताना असे धर्मांतर मर्यादित होते. १८३५ नंतरच्या देवीच्या साथीत लस घेतलेले रशियन वाचले हे पाहून ट्लिंगिटांनी लस स्वीकारली आणि बिशप इनोकेंती, म्हणजे इव्हान वेनियामिनोव, यांच्याविषयी काहीसा विश्वास निर्माण झाला, एवढाच तेव्हाचा मर्यादित परिणाम. परंतु रशियन सैनिक व व्यापारी निघून गेल्यावर उरले ते चर्च सक्तीचे राहिले नव्हते. त्यात स्थानिक भाषेला वाव होता आणि मृतांच्या स्मरणविधींना, जे ट्लिंगिट समाजाचे हृदय आहे, तेथे मान होता. सर्गेई कान यांनी १९९९ मधील आपल्या ग्रंथात या प्रक्रियेचा विस्तृत मागोवा घेतला आहे. आज संत मायकेल कॅथेड्रलच्या उपासकांत स्थानिक समाजाचीच बहुसंख्या आहे. २ जानेवारी १९६६ रोजी हे कॅथेड्रल आगीत भस्मसात झाले, तेव्हा गावकऱ्यांनी माणसांची साखळी करून प्रतिमा व पूजासाहित्य बाहेर काढले; पुनर्बांधणीनंतर १९७६ मध्ये त्याचा अभिषेक झाला. तेव्हा तेथील धर्मप्रतिमा रशियन वारसा म्हणावयाच्या की ट्लिंगिट? स्थानिक संग्रहालयात 'रशियन दालन' व 'ट्लिंगिट दालन' अशी विभागणी केली की या प्रश्नाला जागाच उरत नाही. १८४० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झालेले बिशपचे निवासस्थानही फिनिश सुतारांच्या हातचे आहे, हेही जाता जाता नमूद करावे.

उद्यानातील टोटेम स्तंभांबाबत असाच सावधपणा हवा. पर्यटक त्यांस सिट्काचे प्राचीन स्तंभ समजतात. वस्तुतः त्यांपैकी बहुतेक गव्हर्नर ब्रॅडी यांनी दक्षिणेकडील प्रिन्स ऑफ वेल्स बेटावरील ट्लिंगिट व हैडा गावांतून मिळवून १९०४ च्या सेंट लुइस येथील प्रदर्शनात मांडले व नंतर येथे आणून उभे केले. त्यांतील अनेकांच्या जागी आता नव्याने कोरलेल्या प्रती आहेत. किल्ल्याच्या जागेवर किक्सादींचा स्वतःचा स्तंभ, १८०४ मधील वीरांच्या स्मरणार्थ, उभा राहिला तो १९९९ मध्ये.

वस्तू आणि तिचा धनी

ट्लिंगिट भाषेत 'अटूव' अशी एक संज्ञा आहे. कुळाने मोल देऊन, पुष्कळदा पूर्वजाच्या प्राणाचे मोल देऊन, मिळविलेली मालमत्ता असा तिचा अर्थ. शिरस्त्राण, पर्वतीय बकऱ्याच्या लोकरीचे व सीडार वृक्षाच्या सालीचे चिल्कॅट वस्त्र, गीत, कथा, स्थळनाम, कुलचिन्ह ही सर्व अटूव असू शकतात. तिचा धनी व्यक्ती नसून कुळ असते. वस्तू सांभाळणारा हा केवळ राखणदार. त्यामुळे एखाद्या राखणदाराने वस्तू विकली तरी कुळाच्या दृष्टीने मालकी बदलत नाही. संग्रहालयाच्या नोंदवहीतील 'खरेदी' वा 'देणगी' हा शेरा येथे निरुपयोगी ठरतो. १९९० च्या संघराज्य कायद्याने सामूहिक मालकीच्या अशा वस्तू परत मागण्याचा अधिकार मान्य केला, ही मोठीच गोष्ट होय.

कात्लियानचे डोमकावळ्याचे शिरस्त्राण शेल्डन जॅक्सन संग्रहालयात आहे आणि समारंभप्रसंगी ते बाहेर काढून कुळाच्या हाती देण्यात आलेले आहे. राष्ट्रीय उद्यानातही काही वस्तू कुळांच्या मालकीच्याच असून करारानुसार तेथे सांभाळल्या जातात. मृतांच्या स्मरणार्थ होणाऱ्या 'कुईख' या सोहळ्यासाठी, ज्यास इंग्रजीत पॉटलॅच म्हणतात, त्या नेल्या जातात व परत आणल्या जातात. जतनशास्त्राचे काटेकोर नियम मानणाऱ्या अभिरक्षकास शंभर वर्षांपूर्वीचे वस्त्र अंगावर घालून कोणी नाचणार ही कल्पना रुचणे कठीण. परंतु न वापरलेले अटूव हे कुळाच्या लेखी अपुरेच असते. गीत हीदेखील मालमत्ता असल्यामुळे एखाद्या कुळाचे ध्वनिमुद्रण त्याच्या अनुमतीविना दालनात वाजविणे अयोग्य ठरते. आपल्या संग्रहालयशास्त्राच्या पाठ्यक्रमांत 'वस्तूचे संरक्षण' या प्रकरणाला जेवढी पाने मिळतात, तेवढी 'वस्तूचा धनी' या विषयाला मिळत नाहीत, असे खेदाने नमूद करावेसे वाटते.

पुतळ्याचे स्थलांतर

१९८९ मध्ये शताब्दी सभागृहासमोर बारानोवचा बैठा ब्राँझ पुतळा बसविण्यात आला. तो देणगीदाखल मिळाला होता आणि आरंभापासूनच गावातील अनेकांच्या मनाला तो बोचत होता. २००४ मध्ये लढाईच्या द्विशताब्दीनिमित्त किक्सादींनी शोकविधी केला, त्यास बारानोवच्या वंशातील व्यक्तीही उपस्थित होती. पुतळ्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. २०२० मध्ये जगभर वसाहतकालीन पुतळ्यांवर चर्चा सुरू झाली, तेव्हा सिट्कामध्येही मागणीने जोर धरला आणि १४ जुलै २०२० रोजी नगरसभेने ६ विरुद्ध १ मतांनी पुतळा संग्रहालयात हलविण्याचे ठरविले. त्याच वर्षी तो आत आला. अंतर काही पावलांचेच होते, कारण संग्रहालय त्याच इमारतीत आहे.

पुतळा फोडला नाही, वितळविला नाही, गोदामातही टाकला नाही. मुंबईत १९६५ मध्ये सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा काळा घोडा येथून भायखळ्याच्या राणीच्या बागेत, तेथील संग्रहालयाच्या आवारात गेला, हे अनेक वाचकांना स्मरत असेल. तेथे पुतळ्याला आसरा मिळाला, स्पष्टीकरण फारसे मिळाले नाही. सिट्काचा निर्णय या बाबतीत अधिक अवघड जबाबदारी पत्करणारा आहे. चौकातील पुतळा सन्मान मागतो. संग्रहालयातील पुतळ्याला उत्तरे द्यावी लागतात. तो कोणाचा, हा एक प्रश्न झाला. तो १९८९ मध्ये का उभारला गेला, कोणास तेव्हा विचारले गेले नाही, हे प्रश्नही आता त्याच दालनाचे झाले आहेत.

येथे एक आक्षेप घ्यावासा वाटतो. पुतळ्याची सारी चर्चा बारानोव विरुद्ध किक्सादी अशी दोन पक्षांत झाली. वस्तुतः १८०२ मध्ये जे मरण पावले त्यांत बहुसंख्य ना रशियन होते ना ट्लिंगिट. ते उनांगन व अलुतीक शिकारी होते. १८०४ मध्ये बारानोवच्या बाजूने शेकडोंच्या संख्येने आणले गेले तेही हेच. त्यांच्या गावांतून धट्टेकट्टे पुरुष वर्षानुवर्षे नेले गेल्यामुळे मागे राहिलेल्यांची उपासमार झाली. फर त्यांनी मिळविली, नफा कंपनीचा झाला, आणि युद्धस्मारकांच्या यादीत त्यांची नावे नाहीत. संग्रहालयाचे शीर्षक 'ट्लिंगिट व रशियन वारसा' असे ठेवले की हा तिसरा समाज दोन शब्दांच्या मधल्या फटीत गडप होतो. बारानोवच्या पुतळ्याशेजारी एखादी कातडी होडी ठेवता आली, तर फार बरे होईल : दोन किंवा तीन आसनांची, कोडियाकहून सिट्कापर्यंत खुल्या समुद्रातून वल्हवत आणली जाणारी. तिच्या माहितीफलकावर कोणाची नावे लिहावयाची, हे ठरविताना मात्र कंपनीचे कागद चाळावे लागतील, आणि उनांगन व अलुतीक समाजांतील आजच्या जाणत्यांना विचारावे लागेल.